दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेली जुनी मर्सिडीज : गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय काय बघायचं

फोंड्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. गाडी २००६ ची मर्सिडीज सी २२० सीडीआय, सुमारे १,३८,००० किलोमीटर चाललेली, मडगावच्या एका गृहस्थांकडून दोन वर्षांपूर्वी घेतलेली. गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं त्याची नोंद नाही. जूनमध्ये भर पावसात फर्मागुडीचा चढ चढताना गिअर बदलणं थांबलं. गाडी बंद करून पुन्हा चालू केली तर ठीक झाली. दोन दिवसांनी परत तेच. आता गाडी अर्धा तास चालून तापली की हमखास अडकते आणि मग जागेवरून निघताना एकदम मेल्यासारखी ओढते. शिवाय ‘आर’ (रिव्हर्स) टाकला की खालून दणका बसतो आणि सरळ रस्त्यावर ६०-७० च्या वेगात गाडी थरथरते. गॅरेजवाल्यांनी स्कॅनर लावून सांगितलं, ‘गिअरबॉक्स गेला. उतरवून ओव्हरहॉल करावा लागेल, नाहीतर जुना मिळतो का बघू.’ खर्च लाखांत. चतुर्थीपूर्वी गाडी हवी आहे. होकार द्यावा का?

सध्या तरी देऊ नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून गिअरबॉक्स आतून मोडला आहे असं कुणालाच म्हणता येणार नाही. तुमच्या तीन तक्रारी आहेत, त्यांची कारणंही तीन वेगळी असू शकतात, आणि ती सगळी गिअरबॉक्स खाली न उतरवता तपासता येतात. गाडी तापल्यावर अडकते आणि बंद-चालू केल्यावर सुटते, हे वाचूनच माझं लक्ष आधी विजेकडे जातं. गिअरबॉक्समधला झिजलेला क्लच चावी फिरवल्याने बरा होत नाही.

तुमच्या गाडीत मर्सिडीजचा ७२२.६ हा पाच गिअरचा ऑटोमॅटिक आहे. १९९६ पासून कंपनीने तो सी, ई, एस अशा बहुतेक सगळ्या गाड्यांत बसवला, आपल्याकडे विकल्या गेलेल्या सँगयाँग रेक्स्टनच्या ऑटोमॅटिकमध्येही याच घराण्यातला गिअरबॉक्स आहे. यंत्र म्हणून फार दणकट. त्याला सोसत नाही ते जुनं तेल, पाणी आणि खराब कनेक्शन. गोव्यात या तिन्हींची कमतरता नाही.

गिअर बदलायचा निर्णय गाडीतला वेगळा कंट्रोल युनिट घेतो आणि गिअरबॉक्सच्या पोटातले सहा सोलेनॉइड (विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व) तो पाळतात. कंट्रोल युनिटला एखादा आकडा पटला नाही की तो सोलेनॉइडची वीज तोडतो. चालत्या गाडीत हे झालं तर ती असेल त्या गिअरमध्ये राहते. थांबून, लिव्हर ‘पी’ मध्ये घेऊन, इंजिन बंद करून किमान दहा सेकंदांनी चालू केलं आणि बिघाड तेव्हाही असेल, तर ‘डी’ मध्ये फक्त दुसरा गिअर मिळतो आणि ‘आर’ चालतो. वीज नसताना नुसत्या तेलाच्या दाबावर मिळणारा गिअर तो, म्हणून दुसरा. यालाच लिम्प मोड म्हणतात. गाडी मेल्यासारखी निघते कारण तुम्ही पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरवर निघताय. म्हणजे गिअरबॉक्स स्वतःला वाचवतोय. आता प्रश्न एवढाच की त्याला कुठला आकडा पटला नाही.

सुरुवात बॅटरीपासून करा, त्याला पाच मिनिटं लागतात. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना, लाइट, एसी, वायपर सगळं लावून, साधारण १३.८ ते १४.४ मिळायला हवेत. जुन्या मर्सिडीजमध्ये व्होल्टेज खाली गेलं की गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट सगळ्यात आधी रुसतो. समुद्राच्या हवेत इंजिन आणि बॉडीमधली अर्थची (अर्थिंगची) पट्टी हिरवी पडून खायला लागते, ती सोडून, घासून, पुन्हा घट्ट करा. कळंगुट, बाणावली अशा किनाऱ्यालगतच्या गाड्यांत हे मला इतक्या वेळा सापडतं की मी ते न बघता पुढे जातच नाही.

मग स्कॅनर. तुमच्या गॅरेजमध्ये कुठला स्कॅनर लावला ते विचारा. साध्या, सगळ्या गाड्यांना चालणाऱ्या स्कॅनरवर ‘पी०७००’ दिसतो. त्याचा अर्थ फक्त ‘गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमध्ये काहीतरी नोंद आहे’ इतकाच होतो. त्या एका कोडवर ओव्हरहॉल ठरवणं म्हणजे डॉक्टरने कपाळाला हात लावून ऑपरेशन सांगण्यासारखं आहे. मर्सिडीजच्या कंट्रोल युनिटशी नीट बोलणारा स्कॅनर लावून गिअरबॉक्सच्या नोंदी वाचायला लावा आणि कागदावर घ्या. नोंद स्पीड सेन्सरची आहे, सोलेनॉइडची आहे, व्होल्टेजची आहे, चाकाच्या सेन्सरची आहे की गिअर स्लिप झाल्याची (न धरता घसरल्याची), यावर पुढचा सगळा रस्ता ठरतो. कोड पुसून टाकू नका. पुसायचे असतील तर आधी फोटो काढा.

नुसते कोडही पुरत नाहीत, चालत्या गाडीतले आकडे बघायला हवेत. हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या गाडीचा निकाल बहुधा इथेच लागेल. गिअरबॉक्सच्या आत एन२ आणि एन३ असे दोन स्पीड सेन्सर आहेत. दोन्ही एकाच प्लास्टिकच्या प्लेटवर बसलेले. त्या प्लेटला कंडक्टर प्लेट म्हणतात. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये या दोघांचे आकडे एकसारखेच दिसले पाहिजेत, आणि पहिल्या व पाचव्या गिअरमध्ये एन२ शून्य दिसतो, कारण त्या गिअरमध्ये त्याच्यासमोरचा भाग धरून ठेवलेला असतो. गाडी थंड असताना फोंड्याहून बाणस्तारीकडे निघा, शेजारच्या सीटवर एकाने स्कॅनर धरून बसायचं. तिसऱ्या गिअरमध्ये एन२ आणि एन३ दोन्ही समजा १,८०० दाखवतायत. ठीक. तसंच चालवत राहा, तेल तापू द्या. मग एखाद्या क्षणी एन२ वर १,८०० आणि एन३ वर शून्य, पुन्हा १,८००, पुन्हा शून्य, आणि लगेच गाडी अडकली, असं दिसलं तर सेन्सर तापल्यावर मरतोय. फिरणारा भाग असा क्षणात थांबून क्षणात धावत नाही. या गिअरबॉक्सचं हे सगळ्यात ओळखीचं दुखणं आहे आणि तुमचं ‘अर्धा तास झाला की अडकते’ हे वर्णन त्याच्याशी तंतोतंत जुळतं.

उलट, दोन्ही आकडे गुळगुळीत बदलतायत, पण चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचे आरपीएम वर पळतात आणि गाडी मागे राहते, असं दिसलं तर मग क्लच, दाब, तेल यांच्याकडे वळावं लागेल. फर्मागुडीचा चढ यासाठी चांगला आहे. सपाटीवर लपलेली स्लिप तिथे उघडी पडते.

प्लेटवर ठपका ठेवण्याआधी एक कपलर (वायरी जोडणारा प्लग) बघायचा राहतो. गिअरबॉक्सच्या बाजूला तेरा पिनांचा एक गोल कपलर आहे. तो ज्या प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये बसतो त्याला दोन ओ-रिंगा आहेत. वर्षांनी त्या कडक होतात आणि तेल झिरपू लागतं. थेंब खाली पडत असते तर लगेच लक्षात आलं असतं, पण ते तेल वायरीच्या आतून, तांब्याच्या तारांमधल्या फटींतून, वर चढत चढत कंट्रोल युनिटपर्यंत जातं. गालिचा उचलून (या मॉडेलमध्ये कंट्रोल युनिट पुढच्या सीटसमोर पाय ठेवायच्या जागी गालिच्याखाली असतो) युनिटचा कपलर काढा आणि पिनांवर पांढरा टिश्यू दाबून धरा. टिश्यूवर तेलाचा डाग आला तर तेल पोचलं आहे. मग सॉकेट नवीन टाकायचं, ते एका सात मिलिमीटरच्या बोल्टवर धरलेलं असतं, आणि दोन्ही टोकांचे कपलर कॉन्टॅक्ट क्लीनरने पुन्हा पुन्हा धुवायचे. वायरीत मुरलेलं तेल पुढे काही दिवस येत राहतं, म्हणून आठवड्याने परत उघडून पुसायचं. सॉकेट अगदी थोडक्या किमतीचं आहे. कुणी गाडी अडकलेली नसताना तेल बदलायला आलं तरी मी ते सोबत बदलून घ्यायला सांगतो.

तोच गालिचा उचललाय तर खालचा फोमही दाबून बघा. पहिल्यांदा गाडी अडकली ती पावसात, हे तुम्ही लिहिलंय ते महत्त्वाचं आहे. पुढच्या काचेखाली पाणी जायची वाट असते, झाडाखाली उभ्या गाडीत तिथे पानं साचतात. आंब्याची नाहीतर फणसाची पानं कुजून लगदा झाला की पावसाचं पाणी बाहेर न जाता केबिनमध्ये उतरतं. वरून गालिचा कोरडा लागतो आणि खाली फोम पाणी धरून बसलेला असतो. कंट्रोल युनिटच्या पिनांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर कारण सापडलं. वाट मोकळी करा, गालिचा पूर्ण काढून वाळवा, पिना साफ करा. हे न करता नवीन कंट्रोल युनिट टाकला तर पुढच्या पावसाळ्यात तोही जाईल.

कंडक्टर प्लेटच निघाली असं समजू. तिच्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागत नाही. गाडी रॅम्पवर घेऊन तेल काढायचं, खालचा चेंबर (तेलाचं भांडं) आणि फिल्टर काढायचा, तेरा पिनांचं सॉकेट बाहेर ओढायचं आणि मग व्हॉल्व बॉडी (तेलाच्या वाटा उघडणारा-मिटणारा ठोकळा) खाली घ्यायची. प्लेट तिच्यावर बसलेली असते. सोलेनॉइड जुन्या प्लेटवरून काढून नव्यावर बसवताना मीटरने मोजून घ्या: गिअर बदलणारे तीन सुमारे ४ ओहम, दाब सांभाळणारे दोन सुमारे ५, कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाच्या) लॉकचा एक सुमारे २.५. वेडंवाकडं कुणी निघालं तर आत्ताच बदलायचं. व्हॉल्व बॉडीचे दोन भाग एकमेकांपासून सोडू नका. आतल्या बारीक गोळ्या आणि चाळण्या सांडल्या की साधं काम अवघड होतं. परत चढवताना सिलेक्टरचा खुंटा त्याच्या खाचेत बसला आहे ना हे बॅटरी मारून डोळ्यांनी बघायचं. तो चुकला तर लिव्हर हलते पण गिअर पडत नाही, आणि सगळं परत खाली. बोल्ट ८ न्यूटन-मीटरवर, टॉर्क पान्यानेच. हे इतकं कमी आहे की हाताच्या अंदाजाने घट्ट करणारा फिटर ॲल्युमिनियममधले आटे घालवतो. ज्याच्याकडे लहान टॉर्क पाना नाही, त्याच्याकडे हे काम देऊ नका.

प्लेट घेताना गिअरबॉक्सच्या अंगावर ठोकलेला पूर्ण नंबर देऊन घ्या. स्वस्त नकली प्लेट बाजारात भरपूर आहेत. ही वस्तू आत गरम तेलात बुडालेली राहणार आहे आणि ती बदलायला पुन्हा तेवढंच काम आहे, त्यामुळे इथे पैसे वाचवू नका.

आता तेल. चेंबर खाली आला की गिअरबॉक्सची खरी कुंडली तिथे वाचायला मिळते, म्हणून त्या वेळी तुम्ही स्वतः हजर राहा. तळाच्या चुंबकावर राखाडी, मऊ, बोटाला लागणारा लेप असतो, तो इतक्या किलोमीटरला असायचाच. त्यात चकचकीत कपचे, पितळी पिवळे कण किंवा काळ्या कागदासारख्या कपच्या असतील तर आतली झीज सुरू झाली आहे. तेल काळसर तपकिरी पण वासाला साधं असेल तर ते नुसतं जुनं आहे. करपल्याचा उग्र वास येत असेल तर क्लच जळले आहेत. आणि तेल दुधाळ गुलाबी असेल तर आत पाणी किंवा कूलंट गेलं आहे, मग इंजिन पुन्हा चालूसुद्धा करू नका.

मर्सिडीजने हा गिअरबॉक्स आणला तेव्हा तेल आयुष्यभराचं म्हणून सांगितलं होतं. पुढे कंपनीनेच ६०,००० किलोमीटरला बदलायला सांगायला सुरुवात केली. आपल्याकडचा उकाडा, पर्वरीतली रांगत चालणारी वाहतूक आणि चोर्ला-अनमोडचे घाट बघता मी त्याच्याही थोडं आधीच बदला म्हणेन. ‘जुनं तेल बदललं की गिअरबॉक्स जातो’ हे तुम्हाला दहा जण सांगतील. तेल बदलल्यावर जो गिअरबॉक्स जातो त्याचे क्लच आधीच जळलेले असतात, जाड झालेल्या तेलातल्या कचऱ्यावर तो कसाबसा तग धरून असतो. तुमचा चेंबर स्वच्छ निघाला तर निर्धास्त बदला. यंत्र लावून दाबाने फ्लश करणं आणि रसायनांच्या बाटल्या ओतणं मात्र मी टाळतो.

तेल मर्सिडीजच्या २३६.१४ या मंजुरीचं हवं, डब्यावर तो आकडा छापलेला असतो. ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं’ असं सांगून सुटं तेल कुणी दाखवलं तर नको म्हणा. कन्व्हर्टरला ड्रेन प्लग असेल तर तेही रिकामं करा, म्हणजे जवळजवळ सगळं तेल निघतं. नसेल तर निम्मंच निघतं आणि काही महिन्यांनी परत एकदा बदलणं बरं.

पातळी मोजताना मी जास्तीत जास्त गडबड झालेली बघतो. गाडीत नळी आहे, तिला कुलूपवजा टोपण आहे, पण आत डिपस्टिक नाही. ती वेगळी आणावी लागते. पातळी बघायची ती तेल ८० अंशांवर, गाडी अगदी सपाट जागी, इंजिन चालू, लिव्हर ‘पी’ मध्ये. आता यातली खुबी: या गिअरबॉक्सचा तापमान सेन्सर ‘पी’ आणि ‘एन’ (न्यूट्रल) मध्ये सर्किटमधून सुटलेला असतो, स्टार्टर रोखणाऱ्या कॉन्टॅक्टच्या रांगेतच तो जोडलेला आहे. त्या वेळी कंट्रोल युनिट इंजिनच्या तापमानावरून काम भागवतो. त्यामुळे ‘पी’ मध्ये उभं राहून स्कॅनरवर दिसणारा आकडा तेलाचा नसतोच. ब्रेक घट्ट दाबून लिव्हर ‘डी’ मध्ये घ्यायची, तापमान वाचायचं, ८० झालं की ‘पी’ मध्ये परत आणून डिपस्टिक टाकायची. थंड तेलावर ८० च्या खुणेपर्यंत भरलं तर तापल्यावर ते जास्त होतं, फेस येतो, दाब पडतो आणि गाडी नव्याने झटके मारायला लागते. कमी भरलं तर चढावर आणि वळणावर पंप हवा ओढतो. अर्धा लिटर इकडेतिकडे झालं तरी फरक कळतो.

६०-७० ला होणारी थरथर ही माझ्या मते वेगळी तक्रार आहे आणि तिची मला जास्त काळजी वाटते. त्या वेगात कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच धरायला लागतो. पांढऱ्या खडबडीत पट्ट्यांवरून गाडी जाते तशी घरघर, ॲक्सिलरेटर किंचित सोडला की बंद, असं होत असेल तर तो क्लच नीट धरत नाही. कारण नुसतं थकलेलं तेल असेल तर तेल बदलून फरक पडतो. दुसरं कारण वाईट आहे. गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या आतून जाते. या पिढीच्या काही मर्सिडीजमध्ये रेडिएटरच आतून फुटून कूलंटमधलं ग्लायकॉल तेलात मिसळल्याचं जगभर नोंदलं गेलं आहे. अगदी थोडं ग्लायकॉलही क्लचच्या अस्तराचा गोंद सोडवतं, आणि तेव्हा तेल अजून दुधाळ दिसतही नसतं. म्हणून तेल काढलं की त्याचा नमुना बाटलीत घेऊन ग्लायकॉलची तपासणी करून घ्या. सापडलं तर आधी रेडिएटर नवीन, मग नळ्या आणि कूलर धुणं, बहुधा कन्व्हर्टरही. थरथर फार वर्षांची असेल तर आतले क्लचही. रेडिएटर मूळचाच आहे आणि ग्लायकॉल सापडलं नाही, तरी या वयाला तो बदलून टाकणं मला पटतं.

‘आर’ चा दणका बहुधा सगळ्यात सोपा निघेल. बॉनेट उघडा, कुणाला तरी ब्रेक दाबून ‘आर’ आणि ‘डी’ टाकायला सांगा आणि इंजिनकडे बघा. ते उडी मारत असेल तर माउंटिंग (इंजिन धरणारी रबरं) खचली आहेत. गाडीखाली गिअरबॉक्सचं माउंटिंग आणि प्रोपेलर शाफ्टच्या टोकाच्या रबरी चकत्याही चिरलेल्या असतात. हे सगळं नीट असूनही ‘आर’ उशिरा पडून दणका देत असेल तर तेलाची पातळी आणि नंतर दाब बघायचा. एअर मास सेन्सर (इंजिनात किती हवा जाते ते मोजणारा) मळला असला तरी गिअर कडक बदलतात, कारण इंजिन किती ताकद देतंय याचा आकडाच गिअरबॉक्सला चुकीचा मिळतो.

हे सगळं झाल्यावर गिअरबॉक्सने पूर्वी शिकून ठेवलेली मूल्यं स्कॅनरने पुसून नव्याने शिकवायची. जुन्या तेलाच्या आणि मरणाऱ्या सेन्सरच्या हिशेबाने त्याने प्रत्येक क्लचचा दाब आणि वेळ ठरवून ठेवलेला असतो. तेल तापल्यावर हलक्या पायाने, सगळे गिअर वर-खाली होतील अशी गाडी चालवा. सुरुवातीचे काही दिवस एखादा गिअर ओबडधोबड पडला तर घाबरू नका.

मग गिअरबॉक्स खरंच गेला हे केव्हा मानायचं? तेलाची पातळी बरोबर, आकडे बरोबर, सोलेनॉइड मोजून बरोबर, आणि तरीही एका ठरावीक गिअरला तो दरवेळी स्लिप करतो. किंवा चेंबरमध्ये धातूचे कपचे आणि जळालेलं अस्तर आहे. किंवा ‘आर’ पूर्ण गेला आहे. यातलं एक जरी सिद्ध झालं तर ओव्हरहॉल टळत नाही आणि तसं सांगणारा मेकॅनिक तुम्हाला फसवत नाही. तेव्हा मात्र अर्धवट काम करून घेऊ नका: सगळे क्लच, सगळी सील, बुश आणि कन्व्हर्टर एकाच वेळी.

भंगारातला गिअरबॉक्स टाकायचा विचार मी शेवटी करतो. ७२२.६ मध्ये दोन वेगळ्या गुणोत्तरांचे प्रकार आहेत, एकाचा पहिला गिअर ३.५९, दुसऱ्याचा ३.९५. चुकीचा बसला तर बोल्ट सगळे जुळतील, पण कंट्रोल युनिटला आकडे कधीच पटणार नाहीत आणि तुम्ही पुन्हा लिम्प मोडमध्ये. नंबर जुळणारा मिळाला तरी आधी त्याचा चेंबर उघडून बघा, आणि कन्व्हर्टर त्याच गाडीतला आहे याची खात्री करा. पुरात बुडालेल्या गाडीतला असेल तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या.

तुमच्यासारखाच प्रश्न असलेल्या बाकीच्यांसाठी दोन वाक्यं. मर्सिडीजच्या सात गिअरच्या ७२२.९ मध्ये कंट्रोल युनिट गिअरबॉक्सच्या आत प्लेटवरच असतो आणि तो गाडीशी कुलूपबंद असतो, त्यामुळे दुसऱ्या गाडीतला काढून नुसता बसवता येत नाही. जुन्या बीएमडब्ल्यूतल्या झेडएफ कंपनीच्या सहा गिअरच्या डब्यात तेल गळतं ते बहुधा मेकॅट्रॉनिकच्या (व्हॉल्व बॉडी आणि कंट्रोल युनिट यांच्या एकत्र भागाच्या) कपलरच्या स्लीव्हमधून किंवा प्लास्टिकच्या चेंबरमधून, आणि त्याचंही तेल बदलायला खुद्द झेडएफ ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं सांगते. तिथे पातळी ३० ते ५० अंशांत बघतात, ८० वर नाही.

काम होईपर्यंत गाडी शक्यतो उभीच ठेवा. नाइलाजाने न्यावी लागली तर अडकलेल्या दुसऱ्या गिअरमध्ये हळू, इंजिनचे आरपीएम चढू न देता, जवळच्या जवळ. घाटात, विशेषतः अनमोड उतरताना, अडकलेल्या गाडीने धाडस करू नका. दोरी बांधून ओढून नेऊ नका. मागची चाकं फिरतात आणि इंजिन बंद असल्याने पंप फिरत नाही, आतले भाग तेलाविना चालतात. पाठीवर घेणारा ट्रकच बोलवा. आणि गॅरेजला फोन करून एवढंच सांगा: आधी बॅटरी आणि अर्थ, मग गिअरबॉक्सच्या नोंदींचा कागद, मग गाडी तापवून एन२ आणि एन३ चे आकडे मला स्क्रीनवर दाखवा, मग गालिच्याखालचा कपलर. हे करायला एक दिवस पुरतो. प्लेटच निघाली आणि सुटा भाग मुंबई-पुण्याहून वेळेत आला, तर चतुर्थीला गाडी तुमच्या दारात असायला हरकत नाही.